एकास पस्तीस

रणगाडा हा शब्द ज्या कोणी मराठीत प्रथम योजला त्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. अर्धा शब्द संस्कृताच्या थाटाचा, अर्धा शेतातून उचललेला, आणि दोन्ही मिळून कानाला कसे दणदणीत वाटते! इंग्रजांना एवढे सुचले नाही. त्यांनी १९१५ साली हे वाहन बनवायला घेतले तेव्हा बातमी फुटू नये म्हणून कारखान्यात सांगितले की, ही पाण्याची टाकी आहे. पुढच्या वर्षी १५ सप्टेंबरला सोमच्या रणभूमीवर ती ‘टाकी’ खंदक ओलांडून जर्मनांच्या अंगावर गेली. पण नाव मात्र टँकचे टँकच राहिले. गंमत पुढेच आहे. या ‘टँक’ शब्दाचे मूळ शोधणारे कोशकार पोर्तुगीज भाषेकडे बोट दाखवतात, तसेच गुजराती आणि मराठीतल्या ‘टाक्या’कडेही दाखवतात. म्हणजे आपल्या किल्ल्यावरचे पाण्याचे टाके विलायतेला गेले आणि तोफ लावून परत आले. मराठीच्या तासाला हे कोणी सांगितले असते तर मी मागच्या बाकावर बसलो नसतो.

आमच्या वलगावात मात्र गाडा असे सहसा कोणी म्हणत नाही. आमची बंडी. दमणी आणि रेंगी आता गोष्टीतच राहिल्या. बंडी अजून कुठेकुठे दिसते. पोळ्याला मातीचे बैल करायचे ही आम्हां पोरांची पहिली शिल्पकला. माझ्या बैलांना शिंगे नेहमी जास्त मोठी व्हायची, कारण शिंग हाच बैलाचा मुख्य भाग असे माझे ठाम मत होते. प्रमाण नावाची गोष्ट जगात असते हे मला कळले ते फार पुढे, गेल्या दोनेक वर्षांत. आणि तेही एका परदेशी कंपनीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून.

ते खोके २०२४ च्या मे महिन्यात आले. मी कॉलेजसाठी वलगावला आजोळी राहतो. अमरावती इथून दहा-बारा किलोमीटर, बसने जाऊन-येऊन जमते. खोक्यात टी-७२ रणगाड्याचे सुटे भाग होते : प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकलेले, फणसाच्या गऱ्यांसारखे एकेक सोडवून घ्यायचे. आपल्या सैन्यात याला ‘अजेय’ म्हणतात. मूळ रशियन, पण पुढे मद्रासजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात आपणच बांधू लागलो. साडेएकेचाळीस टन वजन, १२५ मिलिमीटर व्यासाची तोफ आणि आत माणसे तीन. चौथा माणूस, म्हणजे तोफेत गोळा भरणारा, यात नाहीच. त्याच्याऐवजी एक गोल फिरणारी चरखी आहे, तीत बावीस गोळे बसतात. चौथा माणूस वगळला म्हणून रणगाडा बुटका करता आला आणि बुटका झाला म्हणून शत्रूला दिसायला अवघड. हे सगळे मी खोके उघडण्याआधी वाचून ठेवले होते. वाचलेले आणि हाताला लागलेले यांत किती अंतर असते ते पुढे येईलच.

खोक्यावर लिहिले होते : १/३५. म्हणजे खऱ्या वस्तूचे पस्तीस सेंटिमीटर तर इथे एक. हे पस्तीस कुठून आले याची कथा मला फार आवडते. जपानातल्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी जर्मन ‘पँथर’ रणगाड्याची चालती प्रतिकृती काढली. तिच्या पोटात बॅटरीचे सेल आणि छोटी मोटर मावली पाहिजे एवढाच विचार करून आकार ठरवला. मागाहून मोजले तर प्रमाण निघाले सुमारे एकास पस्तीस. तेच रूढ झाले आणि आज जगभर रणगाड्यांच्या प्रतिकृती या मापाने होतात. दोन सेलांच्या सोयीने जगाचे एक माप ठरले!

माप एकदा ठरले की मात्र ते कोणाची गय करत नाही. सात मीटरचे धड वीस सेंटिमीटर होते. पाऊण मीटरचे चाक दोन सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठे, रुपयाच्या नाण्याच्या आसपास. साडेपाच फुटांचा माणूस पावणेपाच सेंटिमीटर, माझ्या करंगळीहून थोडा कमी. वजनाचे गणित मी एका रात्री वहीत मांडले. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही पस्तीसपट कमी, म्हणून वजन पस्तीसच्या घनाने भागायचे : ४२,८७५. साडेएकेचाळीस टनांना भागले तर उत्तर आले ९६८ ग्रॅम. खऱ्याच्या मानाने माझ्या रणगाड्याने एक किलोला थोडे कमी भरायला हवे. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला तर तीनशेसुद्धा भरेना. दुकानदार म्हणाला, “काय भाव देऊ?”

इथे मामाचा प्रवेश होतो, आणि तो जरा सविस्तर सांगितला पाहिजे.

माझा मामा सैन्यात होता, रणगाड्यावर ड्रायव्हर होता, दफेदार होऊन निवृत्त झाला. (घोडे गेले तरी रणगाड्यांच्या पलटणींत हुद्दे घोडदळाचेच आहेत : सवार, दफेदार, रिसालदार.) आता तो शेती पाहतो आणि संध्याकाळी पानठेल्यावर बसतो. गोष्टींतले अबोल सैनिक मी पुष्कळ वाचले आहेत. आमचा मामा त्यांच्यापैकी नव्हे. तो भरपूर बोलतो. त्याने रणगाडा कालव्यावरून उडवला आहे. त्याच्या रणगाड्याच्या एका गोळ्यात समोरचे तीन उडाले आहेत. नेमके कोणत्या साली नि कोणत्या सरहद्दीवर, हे विचारायची पानठेल्यावर रीत नाही. पोरे ऐकतात, मागाहून एकमेकांना डोळे मारतात. आमच्या गावात ‘मामाचा गोळा’ हा अतिशयोक्तीला प्रतिशब्दच झाला आहे. मला त्याचे वाईट वाटे, आणि त्या पोरांत मीही असे.

मामा एकदा सहज माझ्या टेबलाशी आला. धड जुळले होते, चाके बसायची होती. उभ्याउभ्या म्हणाला, “अबे, काय करून रायला तू?” मग बसला. मग चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मी वजनाची तक्रार सांगितली. त्याने धड तळहातावर घेऊन वरखाली केले आणि म्हणाला, “हे तं फोलपट हाय. टँक जमिनीवर उभा रायत नाही बाबू, जमिनीत बसते.” दुसऱ्या दिवशी सायकलच्या दुकानातून जुन्या छऱ्र्यांची पिशवी घेऊन आला. ते छर्रे आम्ही फेविकॉलमध्ये घोळून तळाशी बसवले, मोजत-मोजत, ९७० ग्रॅमपर्यंत. त्यानंतर तो हातात घेताना मनगट जरा खाली जाई, आणि दरवेळी मला काहीतरी साधल्यासारखे वाटे.

त्या दिवसापासून एक चमत्कारिक गोष्ट घडू लागली. पानठेल्यावरचा मामा आणि टेबलापाशी बसलेला मामा हे दोन वेगळे गृहस्थ झाले. टेबलापाशी तो एक शब्द जास्तीचा बोलत नसे. बोले ते मापाने. ड्रायव्हर बसतो पुढे, अगदी मध्यभागी, तोफेच्या नळीखाली. झाकण बंद केले की बसता येत नाही, अर्धे निजावे लागते. समोर बघायला काचेची एक फट. दोन हातांत दोन लीव्हर. डावा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. तोफेची नळी ठरावीक जागी डोक्यावर आली असली तर झाकण उघडून बाहेर येता येत नाही. “मंग काय करतां?” असे मी विचारले. त्याने धड उलटे केले आणि तळाशी ड्रायव्हरच्या जागेमागे बोट ठेवले. “अथी एक झाकण रायते. खालून निंगाचं.” त्या जागी मी छर्रे भरून टाकले होते. मामा ते पाहून हसला नाही आणि काही म्हणालाही नाही.

त्याचे शिक्षण नगरला झाले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. तिथे चिलखती दलाचे केंद्र आणि शाळा आहे आणि १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालयही. मी ते पाहिले आहे. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, आपला विजयंत, पाकिस्तानकडून घेतलेला पॅटन असे एकेक धूड तिथे उन्हात उभे असते. सगळे स्वच्छ नि रंगवलेले. शाळेच्या सहलीची पोरे पुढे उभी राहून फोटो काढतात. मला ते सारे पाहून आनंद झाला, पण एक खंत राहिली : त्यांच्याकडे पाहून ते कधी कुठे गेले होते हे कळत नाही.

रणगाड्याच्या ढुंगणाला आडवे बांधलेले एक लाकूड असते. तंत्रज्ञानाच्या एवढ्या गमजा केल्यावर रशियन लोक शेवटी मागे एक ओंडका बांधून देतात हे मला प्रथम हास्यास्पद वाटले. मामाने समजावले. रणगाडा चिखलात रुतला की तो ओंडका दोन्ही पट्ट्यांना पुढून आडवा बांधायचा. पट्टे फिरले की तो खाली ओढला जातो आणि त्याच्या आधाराने धूड वर येते. मी म्हणालो, “म्हणजे बंडी फसल्यावर चाकाखाली लाकूड टाकतो तसंच!” मामा म्हणाला, “तसंच. मले कोणी शिकवा नाही लागलं.” काळ्या मातीत मृगाच्या पावसात बंडी काढलेल्या माणसाला साडेएकेचाळीस टनांचा रणगाडा काढायला नवे ज्ञान लागत नाही. खोक्यातला प्लॅस्टिकचा ओंडका मी टाकून दिला आणि पऱ्हाटीची एक चांगली काडी, सालीसकट, दहा सेंटिमीटर कापून बांधली. माझ्या मते संपूर्ण रणगाड्यात तेवढी एकच वस्तू शंभर टक्के अस्सल आहे.

जूनच्या अखेरीस वर्तमानपत्रात बातमी आली. लडाखमध्ये रात्री सराव चालू असताना श्योक नदी ओलांडणारा टी-७२ एकाएकी वाढलेल्या पाण्यात अडकला आणि पाच जवान गेले. पेढीकाठच्या आम्हां लोकांना वरचे पाणी कसे न सांगता येते ते शिकवावे लागत नाही. त्या संध्याकाळी पानठेल्यावर पोरांनी मामाला गाठले. आता हा काय सांगतो म्हणून सगळे सरसावले होते. मामाने पान घेतले, पैसे दिले आणि घरी आला. माझ्या टेबलाशी बसून त्याने रणगाड्याच्या वरच्या दोन नि पुढच्या एका झाकणावरून नुसते बोट फिरवले. तेव्हा ती तिन्ही चिकटवायची बाकी होती.

मग रंग. या कामाचा खरा प्राण रंगात आहे आणि याविषयी मी कितीही वेळ बोलू शकतो. संपादकांनी पाने मोजून दिली आहेत म्हणून आवरतो. पहिला हात करड्या अस्तराचा. त्यावर हिरवा, हिरव्यावर वाळूच्या रंगाचे पट्टे. रंग फवारायचे यंत्र माझ्या आवाक्याबाहेरचे, म्हणून ब्रशाने, पातळ करून, चार-चार हात. इथपर्यंत जे तयार होते ते खेळणे असते. चकचकीत आणि साफ खोटे. पुढचे सगळे काम त्याला खराब करण्याचे. गडद तपकिरी पाणी सांध्यांत सोडायचे, म्हणजे फटींत सावली बसते. जवळजवळ कोरडा ब्रश फिकट रंगात बुडवून कडांवरून फिरवायचा, म्हणजे जिथे माणसाचे बूट आणि हात लागतात तिथला रंग झिजल्यासारखा दिसतो. कोणत्या कडा झिजतात? याचे उत्तर खोक्यातल्या कागदावर नसते. मामा उजव्या हाताने जणू समोरचा रणगाडा धरून चढून दाखवी : पाय इथे, हात इथे, दुसरा पाय इथे. मी तिथेच झिजवले, इतर कुठे नाही.

गंजाला, चिखलाला आणि धुळीला परदेशी कुप्या मिळतात, पण आमच्या घरात त्या आधीपासून होत्याच. धुराड्याच्या गंजाला गेरू. काजळीला काजळी, कंदिलाच्या काचेवरची. धुळीला पिवडी आणि शाळेचा खडू. इथेही पस्तीसचे माप आडवे येते. वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा कण या रणगाड्यावर ठेवला तर तो पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो. म्हणून सगळे खलात घोटायचे आणि वस्त्रगाळ करायचे. आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा या कामी सर्वोत्तम. शिवाय ही भुकटी नुसतीच बसवायची. वरून वार्निश मारले की तिचा रंग मरतो.

धूळ कुठली, यावर आमचा वाद झाला. मला आपली काळी माती हवी होती. ती मुळातच बारीक, मापात चपखल बसते, आणि शेवटी रणगाडा वलगावात तयार झाला होता. मामा म्हणाला, नाही, राजस्थानची. मी म्हणालो, तुम्ही राजस्थानात लढलात का? आणि टेबलापाशी बसलेल्या मामाने, जो मापानेच बोले, सांगितले की तो लढलाच नाही. कुठेच नाही.

संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००१ च्या डिसेंबरात सैन्य सरहद्दीवर नेले. मामाची पलटण वाळूत जाऊन उभी राहिली ती २००२ च्या ऑक्टोबरापर्यंत. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा असे दहा महिने. उद्या निघायचे, परवा निघायचे. मे महिन्यात पत्र्यावर हात ठेवता येत नसे. इंजिन रोज तपासायचे, गाळणीतली वाळू रोज झटकायची, गोळे रोज मोजायचे : बावीस चरखीत, बाकीचे बाजूला. युद्ध झाले नाही, तरी सुरुंग पेरताना आणि मागाहून काढताना माणसे गेली. मग एक दिवस परत फिरा म्हणून हुकूम आला. “एक गोया नाही मारला,” मामा म्हणाला. “धूळ तेवढी खाल्ली. ते बराबर लाव.”

पिवडीत किती खडू मिसळायचा हे त्याने चिमटी-चिमटीने सांगितले. पुढच्या पत्र्यावर जास्त, ड्रायव्हरच्या काचेवर अर्धवर्तुळात पुसलेली, मागे धुराड्यापाशी काळी. दोन आठवडे आम्ही तेवढेच केले. पानठेल्यावर त्या दिवसांत तीन रणगाडे पुन्हा एका गोळ्यात उडत होते. मी आता डोळे मारत नसे, इतकेच.

आजी या सगळ्या काळात टेबलाकडे फिरकली नव्हती. आजी म्हणजे मामाची आई. तिचा या उद्योगाला विरोध होता आणि तो तिने पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवला होता. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी आमच्याच गावी, पेढीच्या काठी देह ठेवला. आजीच्या लेखी वलगाव म्हणजे ती जागा. “बाबा जलमभर खराटा घेऊन गावंच्या गावं झाडत गेले,” ती म्हणाली होती, “अन् तू घरात तोफ करून रायला? अन् तिले गेरूनं मळवून रायला?” यावर देशरक्षण वगैरे बोलता आले असते. पण जिने दहा महिने ‘५६ एपीओ’ एवढाच पत्ता असलेल्या पत्रांची वाट पाहिली, आणि तो मुलूख कुठे आहे हे जिला कोणी सांगू शकत नव्हते, तिला देशरक्षण समजावणारा मी कोण?

पोळ्याच्या आदल्या दिवशी रणगाडा पुरा झाला. नंबराची पाटी रंगवली. सैन्याच्या गाड्यांवर असतो तसा वर टोक केलेला बाण एकेरी केसाच्या ब्रशाने काढला. आकडे मामाने सांगितले नाहीत, मीही विचारले नाहीत, पाटी तशीच आहे. झाकणे कशी चिकटवायची एवढे विचारले. तो म्हणाला, “खुली ठेव. तिन्ही.”

दुपारी आजी मातीचे बैल ठेवायला जागा शोधत आली आणि टेबलापुढे थांबली. बराच वेळ पाहून तिने विचारले, “याच्यात बसे का तो?” मी पुढचे झाकण दाखवले. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढे भोक. खरे केवढे असते ते मी हातांनी गोल करून दाखवले. ती त्या गोलाकडे पाहत राहिली. “एवढ्याशात?” मग तिने रणगाडा दोन्ही हातांनी उचलला. तो इतका जड असेल याची तिला कल्पना नव्हती, हात एकदम खाली गेले. तिने तो छातीशी धरला, आणि मी ‘अगं आजी’ म्हणेपर्यंत पदर घेऊन पुढचा पत्रा, काच, झाकण, झाकणाच्या आतली कड असे सारे लख्ख पुसून काढले. दोन आठवड्यांची राजस्थानची धूळ एका पदरात गेली. “किती मयला हाय,” ती म्हणाली आणि रणगाडा बैलांच्या शेजारी ठेवून दिला.

मी परत पिवडी लावली नाही. तो अजून तसाच आहे, मागून वाळवंटातला आणि पुढून धुतलेला. संध्याकाळी मामाने पाहिला, दोन्हीकडून फिरवून पाहिला, आणि म्हणाला, “हं. आता इन्स्पेक्शनले तयार हाय.”